पोग्स आयरिश होते का? एका साउंडवाल्याचं लांबलेलं उत्तर

प्रश्न थोडक्यात असा आहे. 'द पोग्स' हा लंडनचा बँड आयरिश लोकगीतं पंकच्या, म्हणजे १९७० च्या दशकातल्या बंडखोर, खडबडीत रॉकच्या, धडाक्यात वाजवायचा, पण त्यातले बहुतेक वादक इंग्लंडमध्ये जन्मलेले. मग त्यांना आयरिश कसं म्हणायचं? लोकगीतांची अशी मोडतोड म्हणजे परंपरा जपणं की तिची टिंगल? आणि बिअर पीत, एकमेकांच्या खांद्यावर हात टाकून गर्दीने केकाटलेल्या या गाण्यांतून नुसता राष्ट्रवादच पेटत नाही का?

मी कोण ते आधी सांगतो, म्हणजे माझं किती ऐकायचं ते तुम्हाला ठरवता येईल. मी संगीताचा अभ्यासक नाही. मूळचा गिरगावचा, १९९६ साली लंडनला आलो आणि तेव्हापासून उत्तर लंडनच्या पबांमध्ये आणि लहान हॉलमध्ये साउंड करतो. किल्बर्न, क्रिकलवूड, कॅम्डन हा सगळा जुन्या आयरिश वस्तीचा पट्टा, त्यामुळे फिडल (म्हणजे व्हायोलिनच), बँजो आणि अकॉर्डियन यांना माईक लावण्यातच अर्धं आयुष्य गेलं. गेली पंधराएक वर्षं रविवारी दुपारी मॅन्डोलिन घेऊन पबमधल्या सेशनमध्ये, म्हणजे एकत्र वाजवायच्या बैठकीत, बसतोही. पोग्सचं काम मला कधी मिळालं नाही. त्यांची गाणी वाजवणारे बँड मात्र इतके मिक्स केलेत की मोजदाद सोडून दिली.

माझं उत्तर: ते आयरिश होते, आयर्लंडचे नव्हते. या दोहोंतलं अंतर कळलं की बाकीचे प्रश्न बरेच सुटतात, आणि एकदोन नवे तयार होतात.

शेन मॅकगाऊन जन्मला २५ डिसेंबर १९५७ रोजी, इंग्लंडमधल्या केंट परगण्यात. आईबाप आयरिश. लहानपणाचा बराच काळ आणि नंतरच्या सुट्ट्या आयर्लंडच्या टिपररी परगण्यातल्या आईच्या घरी गेल्या, आणि त्या घरात गाणी, जप आणि दारू तिन्ही चोवीस तास चालू. बँजो वाजवणारा जेम फायनर इंग्रज. टिन व्हिसल, म्हणजे पत्र्याची छोटी बासरी, वाजवणारा स्पायडर स्टेसी इंग्रज. अकॉर्डियनवाला जेम्स फर्नली मँचेस्टरजवळचा. ड्रमवाला अँड्र्यू रँकन लंडनचा. बास वाजवणाऱ्या कॉट ओ'रिअर्डनचे वडील आयरिश. खुद्द आयर्लंडमध्ये वाढलेले दोघे, फिलिप शेव्हरॉन आणि टेरी वूड्स, पुढे आले. जन्मदाखले मोजायचे तर प्रकरण इथेच संपतं.

पण जन्मदाखल्यांच्या पलीकडे १९७४ होतं. त्या वर्षी २१ नोव्हेंबरला बर्मिंगहॅमच्या दोन पबांत बाँब फुटले, २१ माणसं गेली, आणि संशय आयआरए या सशस्त्र आयरिश संघटनेवर गेला. आठ दिवसांच्या आत दहशतवादविरोधी कायदा पास झाला. इंग्लंडमधल्या आयरिश माणसाला बसमध्ये तोंड उघडायची चोरी झाली, कारण उच्चारावरून तो ओळखू यायचा. माझ्या रविवारच्या सेशनमध्ये मेयो परगण्यातून बांधकामावर आलेला एक म्हातारा फिडलवाला होता. तो सांगायचा की त्या हिवाळ्यात त्याने फिडलची पेटी कोळशाच्या पोत्यात घालून न्यायला सुरुवात केली. फिडल दिसली की आयरिश असल्याचं कळेल म्हणून. त्याची मुलं घरात आयरिश, शाळेत इंग्रज. आयर्लंडला सुट्टीत गेली की तिथली चुलत भावंडं त्यांना 'प्लास्टिक पॅडी', म्हणजे नकली आयरिश, म्हणून चिडवायची. दोन्हीकडे परके.

या पिढीच्या हातात १९७६-७७ मध्ये पंक पडलं. वाजवता येत नसेल तरी चढा स्टेजवर, आणि ज्याची लाज वाटायला सांगितलंय तेच छातीवर लावून फिरा, एवढंच पंकचं म्हणणं. बाकीच्यांनी सेफ्टीपिना लावल्या. मॅकगाऊननेही आधी तेच केलं, 'द निप्स' नावाच्या साध्या पंक बँडमध्ये गायला. मग त्याला उमगलं की लंडनमध्ये आपल्याकडे लाज वाटावी अशी सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे आईच्या घरची गाणी. बँडचं मूळ नाव 'पोग महोन', ही गेलिक भाषेतली शिवी आहे, अर्थ साधारण 'माझ्या ढुंगणाचा मुका घे'. इंग्रजांना कळली नाही, स्कॉटलंडमधल्या गेलिक बोलणाऱ्या श्रोत्यांना कळली, त्यांनी बीबीसीकडे तक्रार केली, आणि नाव 'पोग्स' इतकंच उरलं.

पहिला कार्यक्रम ४ ऑक्टोबर १९८२ रोजी किंग्ज क्रॉसच्या 'पिंडर ऑफ वेकफील्ड' पबमध्ये. पबचं नाव मुद्दाम देतोय, त्याचं काम पुढे पडेल.

आता माझ्या धंद्यातलं थोडं. पोग्सनी लोकगीतांचं नेमकं काय केलं? लोक म्हणतात, वेग वाढवला. पण वेग काय, आयरिश नाचाचे वादक पूर्वीपासून घाम फुटेपर्यंत वाजवतातच. रील म्हणजे चार-चारचा धावता ठेका, जिग म्हणजे आपल्या दादऱ्याशी नातं सांगणारा सहाचा, पोल्का दोनचा. भजनाच्या शेवटी लय कशी चढते ते ज्याने ऐकलंय त्याला सेशनचा शेवट कळायला वेळ लागत नाही.

खरी गंमत ड्रममध्ये आहे. रँकन सुरुवातीच्या काळात उभा राहून वाजवायचा, समोर जेमतेम एक स्नेअर आणि एक फ्लोअर टॉम, एवढे दोनच ढोल. रॉकचा ड्रमर झांजा फोडतो तसल्या झांजांचा मारा नाही. हे गरिबीतून आलं असेल, पण साउंडवाल्याच्या कानाला ते वरदान आहे. डी पट्टीच्या टिन व्हिसलचा सगळ्यात खालचा स्वर ५८७ हर्ट्झच्या आसपास, तिथून वर दोन सप्तकं. म्हणजे हे वाद्य जिथे बोलायला लागतं त्याच्या थोडं वर झांजांचं सळसळणं सुरू होतं. झांज वाजली की व्हिसल बुडाली, वर काढायला फेडर, म्हणजे मिक्सरवरची आवाजाची पट्टी, ढकलला की माईक शिट्टी मारणार. आजही नवशिके पंक-फोक बँड पूर्ण ड्रमसेट घेऊन येतात आणि मला विचारतात, व्हिसल ऐकू का येत नाही? मी ड्रमरला म्हणतो, दोन झांजा काढून गाडीत ठेव. रागावतो. पहिलं गाणं झालं की हसतो.

म्हणजे पोग्सनी चाल धरून ठेवली, शब्द धरून ठेवले, आणि खालची जमीन तेवढी बदलली. स्टेसी बिअरचा पत्र्याचा ट्रे स्वतःच्या डोक्यावर आपटून ताल धरायचा. तमाशा वाटेल, होताच. पण चालीवर गिटारचा ढिगारा ओतला नव्हता. १९८४ ची पहिली रेकॉर्ड ऐका, अकॉर्डियन आणि बँजो नागडे ऐकू येतात. तशी सफाई आज शंभर ट्रॅक असूनही मिळत नाही (हे आम्हा साउंडवाल्यांचं म्हातारपणीचं रडगाणं आहे, सोडून द्या).

आता 'परंपरा'. इथे जरा रेंगाळणार आहे, कारण सगळी भांडणं इथलीच.

पोग्सच्या १९८५ च्या दुसऱ्या रेकॉर्डवर, जी एल्व्हिस कॉस्टेलोने केली, 'डर्टी ओल्ड टाउन' आहे. जगभरच्या आयरिश पबांत हे आयरिश लोकगीत म्हणून गातात. ते लिहिलं इवन मॅकॉलने, १९४९ मध्ये, एका नाटकासाठी, आणि त्यातलं धुराडं गाव म्हणजे मँचेस्टरला लागून असलेलं सॅलफर्ड. मॅकॉल तिथलाच, आईबाप स्कॉटिश, खरं नाव जेम्स मिलर. गेलिक वळणाचं नाव त्याने मागाहून घेतलं. याच मॅकॉलने लंडनच्या आपल्या लोकगीतांच्या क्लबात नियम घातला होता की गायकाने आपल्याच भाषेतली, आपल्याच संस्कृतीतली गाणी गावीत. लंडनच्या पोराने अमेरिकन निग्रो कैद्याचं गाणं म्हणायचं नाही. १९६० च्या दशकात त्याचा हा सिंगर्स क्लब काही काळ जिथे भरायचा तो पब म्हणजे किंग्ज क्रॉसचा 'पिंडर ऑफ वेकफील्ड'. वीस वर्षांनी त्याच पबमध्ये सॅलफर्डच्या गाण्याला जगाच्या लेखी आयरिश करून टाकणारी पोरं उभी राहिली. आणि १९८७ च्या नाताळात पोग्सच्या सगळ्यात गाजलेल्या गाण्यात, 'फेअरीटेल ऑफ न्यूयॉर्क' या भांडकुदळ जोडप्याच्या गाण्यात, बाईचा आवाज मॅकॉलच्या मुलीचा, कर्स्टीचा. ती लंडनच्या दक्षिणेला क्रॉयडनमध्ये वाढलेली. बापाचा नियम लावला असता तर तिला तोंडही उघडता आलं नसतं.

मॅकॉलला मी मूर्ख म्हणत नाही. त्या काळात अमेरिकन गाण्यांचा लोंढा असा होता की इंग्लंडच्या पोरांना आपल्या आजीची गाणी माहीत नव्हती. नियमामुळे कित्येकांनी ती शोधली. औषध म्हणून नियम चांगला होता, अन्न म्हणून वाईट.

पोग्सच्या त्या १९८५ च्या रेकॉर्डचं शेवटचं गाणं पहिल्या महायुद्धातल्या गॅलिपोलीच्या लढाईत पाय गमावलेल्या सैनिकाचं. कित्येकांना ते शंभर वर्षं जुनं वाटतं. लिहिलं १९७१ मध्ये एरिक बोगलने, म्हणजे ऑस्ट्रेलियात जाऊन राहिलेल्या स्कॉटिश माणसाने. आणि फुटबॉलच्या मैदानावर आयरिश लोक जे गातात, १९ व्या शतकातल्या दुष्काळातल्या कैद्याचं 'फील्ड्स ऑफ अथेनराय', ते पीट सेंट जॉनने लिहिलं १९७० च्या दशकात. 'डॅनी बॉय'चे शब्द एका इंग्रज वकिलाचे, १९१३ साली छापलेले. २०१२ च्या युरो स्पर्धेत स्पेनने आयर्लंडला ४-० धुतलं तेव्हा शेवटची काही मिनिटं सगळं आयरिश स्टेडियम 'अथेनराय' गात होतं. मी ते टीव्हीवर पाहताना रडलोय. त्या क्षणी ते गाणं पन्नास वर्षांचंही झालेलं नाही असं मला कुणी सांगितलं असतं तर मी त्याला बाहेर काढलं असतं.

वाद्यांचंही तेच. बँजो अमेरिकेतल्या गुलामांकडून आला, चार तारांचा झाला, आणि द डब्लिनर्स या जुन्या आयरिश लोकगीतांच्या बँडमधल्या बार्नी मॅकेनाने त्याला मॅन्डोलिनच्याच तारा, एक सप्तक खाली, लावून आयरिश केला. बुझुकी ग्रीक, १९६० च्या दशकात 'स्वीनीज मेन' या बँडमधून आयरिश संगीतात शिरली. त्या बँडमधला टेरी वूड्स पुढे पोग्समध्ये. म्हणजे पोग्समधल्या 'अस्सल परंपरावाल्या' माणसाच्या आधीच्या बँडनेच परंपरेत ग्रीक वाद्य घुसवलेलं. बोव्हरान नावाचा डफ, जो आता आयर्लंडच्या प्रत्येक पोस्टकार्डावर असतो, तो मैफलीत मानाने बसला तो शॉन ओ रिआदा या संगीतकारामुळे, तेही १९६० च्या दशकातच. आणि ड्रम-पियानो घेऊन नाचासाठी वाजवणारे जे केली बँड आज लोक 'जुने' म्हणून ओळखतात, त्यांना जोर आला तो १९३५ च्या कायद्यानंतर. चर्चच्या आग्रहाने सरकारने नाचाला परवाना सक्तीचा केला, घराघरांतले नाच बंद पडले, लोक हॉलमध्ये गेले, आणि हॉलमध्ये आवाज पोचवायला बँड मोठा लागला. स्वतंत्र झालेल्या राष्ट्राने आपल्याच लोकसंगीताचं घर असं बदललं. पंकवाल्यांनी ते अजून पाहिलंही नव्हतं.

एवढं सांगून आता दुसऱ्या बाजूने बोलतो, कारण परंपरावाल्यांचा राग मी जवळून पाहिलाय आणि तो सगळा खोटा नाही.

लंडनमधलं माझं दुसरंच वर्ष असेल. एका पबमालकाने सांगितलं, रविवारचं सेशन ऐकू येत नाही, लावा माईक. सेशनमध्ये वादक गोल करून बसतात, तोंडं एकमेकांकडे, पाठ लोकांकडे. मी उत्साहाने वर्तुळाच्या मध्ये चार माईक उभे केले. तो मेयोचा म्हातारा उठला, फिडल पेटीत घातली आणि बारवर जाऊन बसला. काही बोलला नाही. एका बाईने मला समजावलं: आम्ही त्यांच्यासाठी वाजवत नाही, एकमेकांसाठी वाजवतो, त्यांना ऐकू द्यायचं की नाही ते आम्ही ठरवू. त्या दिवशी मला कळलं की स्टेज ही गोष्टच या संगीताला परकी आहे. पंक तर पूर्ण स्टेजचंच.

दुसरा मुद्दा बारकाव्यांचा. फिडलवर किंवा व्हिसलवर आयरिश वादक स्वराला ज्या मुरक्या देतो, त्यात त्याचा परगणा कळतो. स्लायगोची फिडल वेगळी, डोनेगॉलची वेगळी, क्लेअरची आणखी निवांत. वेग एका मर्यादेपलीकडे गेला की मुरक्या गळतात आणि सगळे परगणे एकसारखे ऐकू येतात. उरतं ते नुसतं 'आयरिश', हिरव्या टोपीचं. पोग्सनी आयरिश भाषेतलं, म्हणजे खऱ्या गेलिकमधलं, विनासाथीचं जुनं गाणं जवळपास शिवलंच नाही. हे त्यांच्याविरुद्धचं माझ्या मते सगळ्यात वजनदार म्हणणं आहे, पण रागावणारे ते क्वचितच मांडतात.

ते मांडतात ते तिसरं. लंडनच्या 'पंच' मासिकाने १९ व्या शतकात आयरिश माणसाला माकडतोंड्या गुंड म्हणून रंगवलं, आणि झिंगलेला पॅडी हा तर इंग्रजी विनोदाचा हक्काचा माल. दात पडलेला, अडखळणारा मॅकगाऊन स्टेजवर आला की डब्लिनच्या सुशिक्षित माणसाच्या पोटात गोळा यायचा: झालं, यांना हवं तेच चित्र आपल्याच पोराने दिलं. तो गोळा मी समजू शकतो. लंडनमध्ये टीव्हीवर भारतीय पात्र डोकं हलवत बोलायला लागलं की मलाही तो येतो. फरक एवढाच की मॅकगाऊनने ते पात्र लिहिलं, आणि असं लिहिलं की हसणाऱ्याला दुसऱ्या कडव्यात हसू गिळावं लागतं. हा वाद मिटला असंही नाही. १९८७ मध्ये द डब्लिनर्स, म्हणजे परंपरेचे दाढीवाले काकाच, पोग्सबरोबर 'द आयरिश रोव्हर' गायले आणि ते गाणं आयर्लंडात पहिल्या क्रमांकावर गेलं, तेव्हा आवाज जरा खाली आला.

मग राष्ट्रवाद. पोग्सच्या १९८८ च्या रेकॉर्डवर बर्मिंगहॅमच्या खटल्यातल्या सहा जणांवरचं गाणं आहे. १९७४ च्या त्या बाँबसाठी सहा आयरिश माणसांना जन्मठेप झाली होती, आणि ते निर्दोष आहेत असं गाण्यात सरळ म्हटलं होतं. त्याच वर्षी ब्रिटिश सरकारने बंदी आणली: विशिष्ट संघटनांच्या माणसांचा आवाज रेडिओ-टीव्हीवर ऐकवायचा नाही. तिच्या आधाराने हे गाणंही खासगी वाहिन्यांवर बंद झालं. १४ मार्च १९९१ रोजी न्यायालयाने सहाही जणांना सोडलं. हे गाणं राष्ट्रवादी होतं का? मला ते खटल्याचे कागद नीट वाचलेल्या माणसाचं गाणं वाटतं.

पण त्याआधी, १९७० च्या दशकात, बेलफास्टमध्ये, म्हणजे ब्रिटनकडे राहिलेल्या उत्तर आयर्लंडात, उलटं चित्र होतं, आणि पोग्सप्रेमी हे विसरतात. तिथे लोकगीत म्हणजे झेंडा. हिरव्यांची, म्हणजे कॅथलिकांची, गाणी वेगळी, नारिंगींची, म्हणजे प्रोटेस्टंटांची, वेगळी, तुम्ही कोणत्या गाण्याची शीळ घालताय त्यावरून तुमचा मोहल्ला कळायचा आणि मार कुठे बसेल तेही. ३१ जुलै १९७५ ला मायामी शोबँडची गाडी डब्लिनला परतताना खोट्या चौकीवर अडवून तिघा वादकांना मारलं. त्यानंतर दक्षिणेतले बँड उत्तरेत जाईनासे झाले. त्या रिकाम्या शहरात पंक आलं, आणि कॅथलिक आणि प्रोटेस्टंट पोरं पहिल्यांदा एका हॉलमध्ये घामेजली. 'स्टिफ लिटल फिंगर्स' बेलफास्टचे, 'द अंडरटोन्स' डेरीचे. यांच्या पंकमध्ये फिडल नाही, व्हिसल नाही. असती तर अर्धा हॉल रिकामा झाला असता. लंडनच्या आयरिश पोराला लोकगीत ही सुटका होती, बेलफास्टच्या पोराला लोकगीतापासून सुटका हवी होती. म्हणून मला कुणी विचारलं की लोकगीत आणि पंक एकत्र करावं का, तर मी आधी विचारतो, कुठल्या गावात?

गर्दीबद्दल तुमची शंका रास्त आहे. मी मिक्सरच्या मागे उभा असतो, त्यामुळे मला गर्दी समोरून नाही, पाठीमागून दिसते. जुनं बंडाचं गाणं लागलं की ऐंशी टक्के हात वर जातात. मी उरलेल्या वीसांकडे बघतो. कधी ते नुसते कंटाळलेले असतात. कधी एखादा कोपऱ्यात ग्लास घट्ट धरून दाराकडे बघत असतो. हॉलमध्ये असा माणूस दिसला की मी पुढच्या गाण्यात गायकाचा माईक थोडा वर आणि गर्दीचा खाली घेतो. एवढंच माझ्या हातात असतं.

ऑक्टोबर २०२२ मध्ये आयर्लंडच्या महिला फुटबॉल संघाने स्कॉटलंडला हरवून पहिल्यांदा विश्वचषकात जागा मिळवली आणि ड्रेसिंगरूममध्ये आनंदाने एक ओळ म्हटली. ती ओळ आयआरएचा जयजयकार. गाणं 'वुल्फ टोन्स'चं, त्या बँडचं वय बहुतेक खेळाडूंच्या दुप्पट. युरोपीय फुटबॉल संघटनेने २०,००० युरो दंड केला. खेळाडूंना त्या ओळीमागची प्रेतं आठवत नव्हती, त्यांच्यासाठी ती पार्टीतली ओळ होती. उत्तरेतल्या ज्यांना आठवत होती त्यांना त्या रात्री झोप लागली नसणार. याचा दोष पंकला देता येत नाही. वुल्फ टोन्स पंकच्या कितीतरी आधीचे.

अमेरिकेत 'ड्रॉपकिक मर्फीज' हा बोस्टनचा बँड पोग्सचा मानसपुत्र. त्यांची हिरवी, बॅगपाइप लावलेली गर्दी पाहून उजव्या राजकारण्यांना वाटतं, आपलेच लोक. २०१५ मध्ये विस्कॉन्सिनचा गव्हर्नर स्कॉट वॉकर त्यांच्या गाण्यावर स्टेजवर चालत आला, तेव्हा बँडने जाहीरपणे सांगितलं की आमचं गाणं वापरू नकोस, आम्हाला तू अजिबात आवडत नाहीस. त्या गाण्याचे शब्द मुळात वुडी गथ्री या अमेरिकन लोकगायकाच्या कागदांतून आलेले, ज्याच्या गिटारवर 'हे यंत्र फॅसिस्टांना मारतं' असं लिहिलेलं असायचं. चाल ऐकायची आणि शब्द कुठून आले ते विचारायचं नाही, की असं होतं.

२०२३ चा नोव्हेंबर या सगळ्याची गाठ आहे, माझ्यापुरती तरी. २३ तारखेला डब्लिनमध्ये शाळेबाहेर मुलांवर चाकूहल्ला झाला. हल्लेखोर बाहेरचा असल्याची बातमी पसरली, आणि रात्री बस आणि ट्राम पेटल्या. 'आयर्लंड भरलंय' अशा घोषणा. हल्लेखोराला हेल्मेटने झोडून अडवणारा एक ब्राझीलचा डिलिव्हरीवाला होता, पण तिकडे दंगलखोरांचं लक्ष नव्हतं. बरोबर आठवड्याने, ३० तारखेला, मॅकगाऊन गेला. ८ डिसेंबरला डब्लिनच्या रस्त्यांतून घोड्याच्या गाडीतून त्याची शवपेटी गेली, लोक रस्त्यावर गात होते, पुढे टिपररीतल्या नीना गावच्या चर्चमध्ये राष्ट्राध्यक्ष हिगिन्स बसले होते आणि नातेवाईक चक्क नाचले. केंटमध्ये जन्मलेला, हयातभर इंग्लंडच्या उच्चाराने बोलणारा माणूस. निर्वासितांची, बोटीने निघालेल्यांची, परक्या शहरात कुणी विचारत नाही अशांची गाणी लिहिणारा.

त्या वेळी देशाचे पंतप्रधान लिओ वराडकर होते. नाव आपल्याला नवं नाही: वडील मुंबईचे डॉक्टर, मूळ गाव मालवण तालुक्यातलं वराड. डिसेंबर २०१९ अखेर ते वराडला येऊन गेले. परतले आणि आठवडाभरातच त्यांच्या सरकारवर एक गाणं कोसळलं. ब्रिटिशांच्या काळातल्या पोलीस दलाच्या स्मरणाचा कार्यक्रम सरकारने ठरवला होता. लोक भडकले, आणि डॉमिनिक बीअनने लिहिलेलं, ब्लॅक अँड टॅन्सना, म्हणजे त्या दलातल्या बदनाम ब्रिटिश शिपायांना, आव्हान देणारं जुनं गाणं वुल्फ टोन्सच्या आवाजात डाउनलोडच्या यादीत वर गेलं. ७ जानेवारी २०२० ला कार्यक्रम लांबणीवर टाकला. इंटरनेटवर तेव्हा काहींनी वराडकरांच्या आडनावावरून 'याला काय कळणार आमचा इतिहास' असंही म्हटलं. ते डब्लिनमध्ये जन्मले, तिथेच वाढले. मॅकगाऊन केंटमध्ये. आता सांगा जन्मदाखल्याचं काय करायचं.

आणि हा नुसता भावनेचा खेळ नाही, कायदाही आहे. आई किंवा बाप आयर्लंडात जन्मलेला आयरिश नागरिक असेल तर मूल जगात कुठेही जन्मलं तरी नागरिक. पण २००४ च्या सार्वमतात ७९ टक्के लोकांनी ठरवलं की आयर्लंडच्या मातीवर जन्मलं एवढ्यावर आपोआप नागरिकत्व मिळणार नाही. १ जानेवारी २००५ पासून, परदेशी आईबापांपैकी एकाने आधीच्या चार वर्षांतली तीन तिथे कायदेशीर काढलेली हवीत, त्यातही विद्यार्थी म्हणून काढलेली धरत नाहीत. डब्लिनमधल्या आपल्या मराठी मंडळींना हे आकडे तोंडपाठ असतात.

नवीन पिढीत मला सगळ्यात आशादायक वाटतो तो 'लँकम' हा डब्लिनचा बँड. त्यातले लिंच बंधू पंकमधून आलेले, पण ते वेग वाढवत नाहीत, उलट गाणं इतकं संथ करतात की पाइपांचा एकच सूर दहा मिनिटं छातीवर बसतो. त्यांचं नाव ज्या जुन्या बॅलडवरून, म्हणजे गोष्ट सांगणाऱ्या गाण्यावरून, आलं ती जॉन रायली या भटक्या ट्रॅव्हलर समाजाच्या गवयाकडची. १९६० च्या दशकात त्याच्याकडून गाणी ध्वनिमुद्रित झाली, त्यांतली कित्येक दुसऱ्या कुणाकडे उरलीच नव्हती. १९६९ मध्ये तो गरिबीतच गेला. राष्ट्राने ज्याला वेशीबाहेर ठेवलं त्याच्या गळ्यात राष्ट्राची गाणी टिकली होती. ट्रॅव्हलर हा वेगळा वांशिक समाज आहे हे आयरिश सरकारने मान्य केलं ते १ मार्च २०१७ ला.

माझी मावसबहीण डब्लिनजवळ नर्स आहे. तिची मुलगी तिथेच जन्मली, शाळेत आयरिश शिकते, आणि गेली पाच वर्षं कॉन्सर्टिना, म्हणजे अकॉर्डियनचं छोटं भावंड, वाजवते. गेल्या ईस्टरला गेलो तेव्हा स्वयंपाकघरात आम्ही दोघं वाजवत बसलो. मी ऐटीत म्हटलं, चल, हे रील घेऊ, आणि मॅन्डोलिनवर सुरू केलं. ती दोन ओळी थांबली आणि मराठीतच म्हणाली, "मामा, हा पोल्का आहे. आणि तू तो लंडनवाल्यांसारखा पळवतोयस."

मग तिने तो वाजवून दाखवला.